मुंगीला खोल लागलं

सोमवार, ६ जानेवारी

आज परत कामाला लागले. पोरीला आईंच्या, माझ्या सासूच्या, मांडीवर दिली आन् मागं न बघता निघाले. बघितलं असतं तर गेलेच नसते. रिक्षा भिवंडीत शिरली तवा कळलं, पायात चपला दोन वेगळ्या. एक माझी, एक आईंची.

कॉलेजात कोणी बघितलं न्हाय. सगळे हॉलमधी व्हते. आमच्या नर्सिंग कॉलेजच्या मॅडम लोकांचंच ट्रेनिंग लागलंय. कॉम्प्युटर, मोबाईल, स्मार्ट बोर्ड घेऊन वर्गात कसं शिकवायचं ते. पुण्याच्या रीमा मॅडम आल्यात शिकवायला, तीन आठवडे राहणार. दुसऱ्या कॉलेजच्या मॅडम पण येतात. मला हॉल झाडायचा, पाणी भरायचं, चहा फिरवायचा. मी बावीस वर्षांची, आन् पन्नाशीच्या मॅडम मला मावशी म्हणतात. झाडूवाली म्हणजे मावशीच, वय काय पण असू दे.

दुपारी छाती दगडासारखी झाली. बाथरूममधी जाऊन पिळून टाकलं. मोरीत पांढरं पांढरं गेलं. वरून पाणी सोडलं.

घरी आले. पोरगी, भाविका, झोपलेली. आधी तिचा श्वास बघितला, मंग चपला काढल्या.

मंगळवार, ७ जानेवारी

कोणाला सांगता येत न्हाय म्हणून इथं लिहिते.

माझा पहिला पोरगा व्हता. दोन वर्षं झाली. महिन्याचा पण झाला न्हाय. अंगावर पीत व्हता, ताप आला, गेला. डॉक्टर बोलला इन्फेक्शन. आई बोलल्या दूध.

म्हणून ह्या टायमाला त्यांनी आधीच बघितलं. भाविका बारा दिवसांची असताना भळाभळा ओकली. आईंनी वाटीत माझं दूध घेतलं आन् उंबऱ्यावरची मुंगी धरून त्यात सोडली. त्यांच्या माहेरला असंच बघतात. मुंगी चालत बाहेर आली तर दूध चांगलं. मेली तर दूध जड, पोराला सोसत न्हाय.

मेली.

आई ओरडल्या न्हाय. मलाच पोटाशी धरून रडल्या. "तुजा काय दोस न्हाय गो. आपलं दूद आपन बनवतो का?" तवापासून डब्याची पावडर.

पावडर तिला सोसत न्हाय. हिरवं पाणी जातं. मांड्यांची कातडी लोंबायला लागलीय, म्हातारीसारखी. पाजलं तर ही पण जाईल. न्हाय पाजलं तर बघतेच हाय मी काय होतंय ते.

बुधवार, ८ जानेवारी

आज हसले. लई दिवसांनी.

स्मार्ट बोर्ड म्हणजे भिंतीएवढा मोबाईल. रीमा मॅडमनी एकेकीला पुढं बोलावलं, बोर्डावर आपला विषय लिहा म्हणून. रुकय्या मॅडमची पाळी आली. त्या सगळ्यात जुन्या, अख्खी हयात खडूनं शिकवण्यात गेलेली. त्यांनी पर्समधून खरा मार्कर काढला — पक्क्या शाईचा! — आन् त्या काचेवर टोलेजंग अक्षरात लिहिलं, "स्तनपान".



रीमा मॅडम हळूच बोलल्या, मॅडम, बोटानं लिहायचं, बोटानं. रुकय्या मॅडम बोलल्या, "जिंदगीभर पोरींना सांगत आले, कशाला बोट लावू नका. आता मला सांगतात बोट लावा."

मला हाक मारली. मी सॅनिटायझर आन् मऊ फडकं आणलं. घासून घासून आधी "स्तन" गेलं. "पान" तसंच राहिलं. मागून कोणीतरी बोललं, सुपारी पण आणा. सगळा हॉल फुटला. मी पण. रुकय्या मॅडम पण हसल्या, पण त्यांचा हात कापत व्हता. माझ्या बाजूला उभं राहून त्या पण घासायला लागल्या.

घासता घासता इचारलं, पोरगी कशी हाय, अंगावर पाजतेस ना?

मी बोलले दूधच येत न्हाय.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मंग परत घासायला लागल्या.

गुरुवार, ९ जानेवारी

परत हिरवं. दवाखान्यात नेलं. डॉक्टरनी इचारलं आईचं दूध का न्हाय. मी तोंड उघडायच्या आत आई बोलल्या, हिला येत न्हाय. माझ्यासाठी खोटं बोलल्या त्या.

शुक्रवार, १० जानेवारी

ट्रेनिंगमधी आज तमाशा. रुकय्या मॅडमनी इंटरनेटवरून व्हिडिओ लावला, पोराला अंगावर कसं घ्यायचं त्याचा. गोरी बाई, गोरं पोर, इंग्लिश. मधीच अडकला. भिंतीएवढी उघडी छाती, हलेना न् जाईना. आन् त्याच टायमाला ट्रस्टी साहेब आले ट्रेनिंग बघायला, संगती कॉम्प्युटरवाला मुबश्शिर. दोघं जसे आले तसे पाठ फिरवून उभे. मुबश्शिर पाठ करूनच सांगत व्हता, मॅडम, वरच्या कोपऱ्यात दाबा. वरच्या. उजव्या. तुमच्या उजव्या.

मंग रीमा मॅडम बोलल्या ते मला पटलं. बोलल्या, तुमच्या पोरी शिकून कोणाच्या घरी जाणार हायेत? कोनगावला, अंजूरला, पॉवरलूमवाल्यांच्या खोल्यांमधी. तिथल्या बायांना ही गोरी बाई काय कामाची? पुढच्या शुक्रवारपर्यंत प्रत्येकीनं आपला व्हिडिओ स्वतः बनवायचा. आपल्या भाषेत. आन् मशीन शिकवत न्हाय, तुम्ही शिकवता, ते विसरू नका.

चहाचे कप उचलताना रुकय्या मॅडम एकट्याच बसलेल्या. बोलल्या, "चंद्रा, मला आता घरी बसवतील गं." पहिल्यांदा कोणीतरी मावशी न बोलता नाव घेतलं.

शनिवार, ११ जानेवारी

रुकय्या मॅडमनी घरी बसून सुताची छाती विणून आणली! त्यांच्या भावाचे लूम हायेत, तिथलं उरलेलं सूत. आपल्या रंगाचं, गव्हाळ. मधी काळसर गोल, वर बोंडी. आत कापूस. खरी वाटते.

मुबश्शिरनं टेबलावर बघितली आन् बोलला, टोपी मस्त हाय मॅडम, कोणासाठी?

मॅडम बोलल्या, तुझ्यासाठी नाय.

रविवार, १२ जानेवारी

आज हे घरी. दापोड्याच्या गोडाऊनला सुट्टी. पोरीला माझ्याकडं द्यायला आले. मी घेतली. तिनं लगेच तोंड ब्लाऊजकडं फिरवलं. वास येतो तिला. नाक घासते, हुडकते. ओठ उघडते, मिटते.

मी आईंकडं दिली.

हे बोलले, तू तिला बघत राहतेस, घेत न्हाय. मी बोलले, भाकऱ्या राहिल्यात.

मंगळवार, १४ जानेवारी

तिळगूळ वाटला सगळ्यांना. रुकय्या मॅडमनी मला बाजूला घेतलं. बोलल्या, मला एक विद्यार्थिनी पाहिजे. नर्सिंगच्या पोरींसमोर पहिल्यांदा करायला लाज वाटते. तू बस. मी लॅबमधून लॅपटॉपवर शिकवणार, तू दुसऱ्या खोलीत मोबाईलवर व्हिडिओ कॉलमधी बघायचं, ऐकू येतंय का, दिसतंय का, तेवढं सांगायचं. मुबश्शिर रेकॉर्डिंग लावून देणार.

विषय कोणता ते मला म्हायती व्हतं. बोलले बसते.

का बोलले? बघायचंच व्हतं मला. कोणाला न इचारता.

बुधवार, १५ जानेवारी

स्टोअर रूममधी बसले. मोबाईल फिनेलच्या कॅनला टेकवून ठेवला. मुबश्शिरनी लावून दिला आन् गेला. मोबाईलवर मॅडम दिसल्या. हातात प्लास्टिकचं बाळ, छातीवर ॲप्रनच्या वरून सुताची छाती बांधलेली. दुसऱ्या येळी हसायला आलं असतं.

सुरवातीला मॅडम बोर्डावर बोलतात तशाच, पुस्तकातलं. कापत व्हत्या. मंग मधीच थांबल्या, लॅपटॉपवर काहीतरी दाबलं, आन् एकदम घरातल्यासारख्या बोलायला लागल्या.

"पोराला छातीकडं आण. छातीला पोराकडं ओढू नको. पोट पोटाला लागलं पाहिजे. मान वाकडी नको. नाक बोंडीसमोर. आता थांब. घाई नाय. वरच्या ओठाला नुसतं लाव, तो आपणच आ करेल. मोठा आ केला की मंग घे जवळ."

मंग बोलल्या, "ठसका लागला तर घाबरू नको. उचल, खांद्यावर घे, पाठीवर हात फिरव. त्याला पण शिकायचं असतं. तो पण नवीन हाय."

तो पण नवीन हाय. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

संपलं तवा मॅडमनी इचारलं दिसलं का, ऐकू आलं का? मी बोलले, सगळं.

शुक्रवार, १७ जानेवारी



आज सगळ्या मॅडमनी आपले व्हिडिओ दाखवायचे व्हते. मी चहाचा ट्रे घेऊन मागं उभी. रुकय्या मॅडमचा आला. मुबश्शिरनी चालू केलं.

भिंतीएवढी मी!

स्टोअर रूम, मागं झाडू, आन् माझं तोंड. मॅडम एका कोपऱ्यात तिकिटाएवढ्या. आवाज तेवढा त्यांचा. लॅपटॉपवर जे मोठं दिसेल तेच रेकॉर्ड होतं म्हणे. आन् मॅडमनी शिकवता शिकवता माझ्या चौकटीवर दाबून मलाच मोठी केली व्हती.

मला वाटलं बंद करतील. कोणी उठलं न्हाय. मी पण हलले न्हाय. माझं मलाच म्हायती नव्हतं मी काय करत व्हते ते. आवाज बोलला पोराला छातीकडं आण, आन् मी बाजूचं फरशीचं फडकं उचललं, गुंडाळी केली, हातावर घेतली. पोट पोटाला. नाक समोर. मान धरली फडक्याची! मंग आवाज बोलला घाबरू नको, आन् मी फडकं खांद्यावर घेऊन थोपटायला लागले. रडत व्हते. आन् ब्लाऊज — पुढून सगळा ओला. दोन्ही बाजूला. वाढत चाललेला.

हॉलमधल्या सगळ्या नर्सा. सगळ्यांना एका नजरेत कळलं.

ट्रे ठेवला आन् स्टोअर रूममधी जाऊन कडी लावली. वाटलं, आता नोकरी गेली. आता घरी कळणार. आता आई काय बोलतील.

रुकय्या मॅडम आल्या. बाहेरूनच बोलल्या, "चंद्रा, कसूर माझा हाय. लावायच्या आधी मी बघितलंच नाय. उघड."

उघडलं. त्या उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या, गुडघे धरून. आधी मोबाईल काढून दाखवला, रेकॉर्डिंग उडवून टाकलं माझ्यासमोर. मुबश्शिरकडचं पण उडवलं म्हणाल्या. "तुझं तोंड तुझं हाय, कॉलेजचं नाय." मंग सांगितलं का दाबलं ते. वर्गात त्या पोरींची तोंडं बघून शिकवतात. तोंड दिसलं न्हाय तर कळत न्हाय समजलं का न्हाय. लॅपटॉपमधी स्वतःचंच तोंड दिसत व्हतं, त्याला काय शिकवणार? म्हणून मला मोठी केली. "तू दिसलीस आन् माझा हात कापायचा थांबला."

मंग इचारलं, "दूध हाय ना गं तुला?"

मी सगळं सांगितलं. पोरगा. वाटी. मुंगी.

मला वाटलं हसतील. शिकलेल्या हसतात. त्यांनी इचारलं मुंगी काळी का लाल. मी बोलले काळी, मोठी. त्यांनी मान हलवली, जशी कोणाच्या आजाराची गोष्ट ऐकतात.

"मुंगीला पोहता येत नाय, चंद्रा. तिला दूध वाईट नाय लागलं. तिला खोल लागलं."



मंग त्या बोलल्या, तुझ्या पोराला काय झालं ते मी बघितलं नाय, जे बघितलं नाय त्यावर मी बोलणार नाय. पण आईच्या दुधानं पोर मेलेलं मी माझ्या उभ्या नोकरीत बघितलं नाय. सोमवारी पोरीला घेऊन ये.

आन् माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला सॅनिटायझरचा वास.

शनिवार, १८ जानेवारी

कोणी माझ्याकडं वेगळं बघितलं न्हाय. चहा घेताना एक मॅडम नुसती बोलली, "साखर बरोबर हाय चंद्रा." मावशी न्हाय बोलली.

ट्रेनिंगमधी रीमा मॅडम नवीन सांगत व्हत्या, वर्ग घेताना समोरची तोंडं बंद करून ठेवू नका. नाव न्हाय घेतलं कोणाचं. सगळ्या रुकय्या मॅडमकडं बघत व्हत्या, आन् त्या आपल्या नखांकडं.

रविवार, १९ जानेवारी

आईंना सांगितलं उद्या कॉलेजात पोरांचे डॉक्टर येणार, वजन करणार, पोरीला नेते. आईंनी तिला काजळ लावलं, कानामागं तीट लावली, दोन दुपटी दिली, डबा दिला, बाटली दिली. "उकलंल्या पान्यातच कर गो."

ह्या बाईला फसवते मी. तिनं पण एक नातू पुरलाय.

सोमवार, २० जानेवारी

लॅबमधी पडदा ओढला. मॅडम आन् मी. प्लास्टिकची बाळं रांगेत झोपलेली.

मी बसले. बोलले, मॅडम, न्हाय जमणार. हिला काय झालं तर. त्या बोलल्या, मी इथंच बसलेय. तिला काय झालं तर मी बघेन. तू फक्त तिचं तोंड बघ.

भाविकाला ठेवली. पोट पोटाला. ती घाईत, मुंडी इकडं तिकडं मारायला लागली, रडायला लागली. मला वाटलं दूध नको म्हणतेय. मॅडम बोलल्या, विसरलीय ती. तिला आठवू दे.

मंग आ केला. येवढा मोठा. जवळ घेतली.

दुखलं. मंग दुखायचं थांबलं. तिचा कान हलायला लागला. गिळते तवा कान हलतो तिचा, हे मला म्हायतीच नव्हतं. डोळे उघडे, माझ्याकडं. हाताची मूठ घट्ट व्हती, ती हळूहळू सुटली. एकेक बोट.

एकदा ठसका लागला. माझा जीव गेला. मॅडमनी हात पण पुढं केला न्हाय. मीच उचलली, खांद्यावर घेतली. थोपटली. ढेकर दिला तिनं, मोठ्या माणसासारखा. मॅडम बोलल्या, माशाल्लाह, जेवण झालं बाईसाहेबांचं.

घरी येईपर्यंत रिक्षात तिचा श्वास बघत बसले. पोट वर, पोट खाली. काय झालं न्हाय. संध्याकाळ झाली, काय झालं न्हाय.

मंगळवार, २१ जानेवारी

जिवंत हाय. हसली पण.

बुधवार, २२ जानेवारी

आता कसं करायचं? घरात आई सतत. सकाळी त्या कोंबड्यांना टाकायला मागं जातात, तेवढ्यात एकदा पाजते, दाराकडं तोंड करून. दिवसभराचं काय?

मॅडमनी सांगितलं, हात स्वच्छ धू, उकळलेल्या पेल्यात काढून झाकून ठेव, फ्रिजमधी. बाटली नको, चमच्यानं पाजायचं. आईंना खरं सांगशील तर चांगलं. मी बोलले न्हाय सांगू शकत. त्या बोलल्या, मंग जेव्हा सांगशील तेव्हा मला बोलाव, मी येते. मासे आवडतात मला.

आज सकाळी पेला भरून ठेवला. आईंना बोलले, पावडर मीच कालवून ठेवलीय, तुम्हाला त्रास नको. चमच्यानं पाजा, बाटलीनं वारा जातो पोटात. "हा," बोलल्या.

दिवसभर कामात लक्ष न्हाय. एकाच कोपऱ्यात तीनदा पोछा मारला.

गुरुवार, २३ जानेवारी

हिरवं कमी. पिवळं झालंय, जरा घट्ट.

आई बोलल्या डबा आता अंगाला लागला पोरीच्या. मी भांडी घासत व्हते. तोंड वर केलं न्हाय.

शुक्रवार, २४ जानेवारी

रुकय्या मॅडमनी आज परत व्हिडिओ दाखवला. नवा. तीच सुताची छाती, तेच बाळ. पण आता शिकवताना त्या मधी मधी थांबतात. इचारतात, "भीती वाटते?" आन् खरंच थांबतात, उत्तर येईपर्यंत. रिकामी जागा सोडलीय व्हिडिओमधी. एका मॅडमनी इचारलं, इथं आवाज गेलाय का? रुकय्या मॅडम बोलल्या, नाय, इथं ती बोलतेय. जी बघतेय ती.

मंग बोर्डावर लिहायची येळ आली. बोटानं लिहिलं. अक्षर वाकडं आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तर त्यांनी मागं वळून डोळे वटारले, जशा पोरींवर वटारतात.

त्यांना घरी बसवत न्हायत. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कॉलेजच्या मॅडमना शिकवायला त्याच जाणार, रीमा मॅडमसंगती.

व्हिडिओ माझ्या मोबाईलवर पाठवलाय. बाथरूममधी बघते. तेच तेच परत लावते. कितीदा पण इचारा, मोबाईल चिडत न्हाय. "भीती वाटते?" आलं की मी हळूच बोलते, हा.

शनिवार, २५ जानेवारी

ट्रेनिंग संपलं. रीमा मॅडम गेल्या. हॉल रिकामा. खुर्च्या रचल्या.

भाविकाच्या मांडीला आज वळी दिसली. एकच. बोट ठेवून बघितलं.

पण झोप लागत न्हाय. आई तिला पेल्यातलं पाजतात, मला वाटतं आत्ता समजेल, आत्ता समजेल. परवा आईंचं बोट पेल्यात बुडलं, त्यांनी चाटलं. मी खांबासारखी उभी. त्यांनी पदराला बोट पुसलं आन् पुढचा चमचा भरला.

त्यांना समजलं आन् परत त्यांनी वाटी घेतली तर? परत मुंगी मेली तर? मला म्हायती हाय ती का मरते. पण आईंच्या डोळ्यात ते परत बघवणार न्हाय मला. सांगायला पाहिजे. उद्या सांगते. यांना आधी सांगू का?

रविवार, २६ जानेवारी

सांगितलं न्हाय. हे घरी व्हते, पाहुणे आले. दोनदा तोंड उघडलं.

सोमवार, २७ जानेवारी

सकाळी निघत व्हते. भाविका आईंच्या खांद्यावर, त्यांच्या मानेत नाक खुपसून. मी चपला शोधत व्हते. आईंनी माझ्याकडं बघितलं न्हाय, अंगणातल्या कोंबड्यांकडं बघत बोलल्या, "उद्यापास्नं दोन पेले भरून ठेव गो. दुपारचं तुजं दूद पुरत न्हाय तिला. आन् तो डबा दे कोनाला तरी, मी कवाचा उघडला न्हाय."